काचेच्या पोटातील रेघ

देवस्थानाबाहेरच्या किंवा विमानतळावरच्या दुकानांतून अलीकडे काचेचे लहान चौकोनी ठोकळे विकावयास ठेवलेले दिसतात. ठोकळा हातात घेऊन पाहावा तर सहाही बाजू गुळगुळीत. नख फिरविले तर कोठे ओरखडा लागत नाही, सांधा दिसत नाही; आणि तरीही आत, काचेच्या ऐन मध्यावर, पांढुरक्या धुक्याचा केलेला एखादा गणपती किंवा ताजमहाल उभा असतो. मुले तो ठोकळा उलटासुलटा करून पहिला प्रश्न विचारतात तो हा, की हा आत गेला कसा? प्रश्न मोठ्या माणसांनीही विचारण्याजोगा आहे. काचेचे पृष्ठ न दुखविता तिच्या पोटात शिरावे आणि तेथे हवे तेवढेच काम करून यावे, ही गोष्ट मनुष्य काच बनवू लागल्यापासून हजारो वर्षे त्याला साधली नव्हती. ती लेसरच्या शोधानंतर साधली, आणि आज तिचा उपयोग शोभेच्या वस्तूंपुरता राहिलेला नाही. खिशातल्या टेलिफोनची काच, विजेच्या दिव्यातील प्रकाश देणारा कण, डोळ्यांवरील शस्त्रक्रिया, इतक्या भिन्न ठिकाणी हीच युक्ती राबत आहे.

ती कळण्यासाठी आधी काच कशी कापतात हे नीट पाहिले पाहिजे, आणि त्याकरिता तसबिरी मढविणाऱ्याच्या दुकानापर्यंत जाणे पुरेसे आहे. कारागीर मेजावर काच पसरतो, पट्टी लावतो आणि हातातील कापणीच्या टोकाचे लहानसे कठीण चाक एकदाच, एकाच दाबाने, या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढतो. पूर्वी या चाकाच्या जागी हिऱ्याचा कण असे. पोलादी चाकाचे पेटंट सॅम्युएल मॉन्स या अमेरिकनाने १८६९ साली घेतले. करकर असा बारीक आवाज होतो आणि काचेवर एक फिकट रेघ उमटते. मग ती रेघ मेजाच्या कडेवर आणून कारागीर काचेला हलकासा दाब देतो, आणि टक्‌ असा आवाज होऊन काच रेघेवर सरळ दुभंगते. लाकूड कापताना भुसा पडतो, कापड कापताना कात्री आरपार जाते. येथे तसे काही झालेले नाही. काच कापली गेली नाही; ती मोडली गेली. कारागिराचे कौशल्य एवढेच, की ती कोठे मोडावी हे त्याने आधी ठरवून दिले. म्हणूनच मुरलेला कारागीर एका रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवीत नाही. दुसऱ्या फेरीने रेघेच्या आसपास वेड्यावाकड्या भेगा पडतात आणि काच भलतीकडे फुटते.

भेग हीच काचेच्या साऱ्या चरित्राची गुरुकिल्ली आहे, ही गोष्ट इंग्लंडमधील फार्नबरो येथे विमानांच्या संशोधनकेंद्रात काम करणारे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात सिद्ध केली. काचेतील अणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत याचा हिशेब केला, तर काच पोलादाला लाजवील इतकी बळकट निघावी. प्रत्यक्षात साधी काच त्या हिशेबाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यालाच तुटते. ग्रिफिथ यांनी कारण दाखविले ते असे, की काचेच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक भेगा असतात, आणि काचेवर पडलेला सर्व ताण अशा भेगेच्या टोकाशी एकवटतो. धातू अशा वेळी थोडा वाकतो आणि ताण सोसून नेतो. काचेला वाकणे माहीत नाही. भेगेचे टोक एकदा पुढे सरकले की ते थांबत नाही.

यावरून एक गोष्ट उघड होते. काचेच्या तुकड्याचे बळ तिच्या मधल्या भागावर फारसे अवलंबून नसून कडेवर अवलंबून असते. कारण जेथे ती मोडली गेली तेथेच भेगांची दाटी असते. चाकाने पाडलेली कड भिंगातून पाहिली तर करवतीच्या दात्यांसारखी दिसते, आणि बारीक टवके उडालेले असतात. खिडकीच्या तावदानाला याची फिकीर करण्याचे कारण नाही. कड लांबीखाली आणि चौकटीत दडून जाते आणि पन्नास वर्षे सुखाने राहते. परंतु हातातून दिवसातून दोनदा निसटणाऱ्या टेलिफोनची अर्धा मिलिमीटर जाडीची काच निराळी. तिच्या कडेवरचा एक टवका म्हणजे उद्याचा तडा. म्हणून कारखान्यांतून अशी कड पाण्याखाली घासून, पुन्हा घासून, गुळगुळीत करावी लागते, आणि त्यात वेळ जातो, पाणी जाते, काचही जाते.

टेलिफोनच्या काचेची आणखी एक अडचण आहे. ती मजबूत करण्यासाठी वितळलेल्या सोऱ्यासारख्या क्षारात, सुमारे चारशे अंश उष्णतेत, बुडवून ठेवतात. काचेतील सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. भरलेल्या डब्यात सडपातळ प्रवाशांच्या जागी धष्टपुष्ट प्रवासी बसवावेत तसा हा प्रकार. पृष्ठभाग सर्व बाजूंनी दाबला जातो, त्यामुळे त्यावरच्या भेगा मिटून राहतात. पण त्याची भरपाई म्हणून आतला भाग सतत ताणलेला असतो. अशा काचेवर चाक फिरविले तर रेघ उमटतच नाही, किंवा जोर केला तर दाबाचा थर फोडून चाक आतल्या ताणापर्यंत पोहोचते आणि सबंध काचेचे तुकडे होतात. बाहेरून आत जाणाऱ्या प्रत्येक हत्याराची येथे हीच गत होणार.

प्रकाश मात्र काचेच्या पृष्ठाला न दुखविता आत जाऊ शकतो; खिडकीतून रोज येतो तसा. अडचण एवढीच, की जो आत सहज जातो तो तितक्याच सहजपणे बाहेरही निघून जातो आणि काही काम करीत नाही. काच पारदर्शक आहे याचा अर्थच हा, की तिच्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाचा कण स्वीकारीत नाहीत. त्यांना जागचे हलविण्यास किमान काही ऊर्जा लागते. शुद्ध सिलिकेच्या काचेत ती सुमारे नऊ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. कारखान्यांतून वापरल्या जाणाऱ्या अवरक्त लेसरच्या एका प्रकाशकणाजवळ जेमतेम सव्वा इलेक्ट्रॉन-व्होल्टएवढी ऊर्जा असते. पावसाने फुगून घट्ट बसलेले दार असावे आणि ते उघडण्यास आठ माणसांचा जोर लागावा, तशी ही स्थिती आहे. आठ माणसे एकामागून एक येऊन धक्का देऊन गेली तर दार जागचे हलत नाही. आठही जणांनी एकाच क्षणी खांदा लावला तरच ते उघडते.

अनेक प्रकाशकण असे एकाच वेळी खांदा लावू शकतील काय? दोन कणांच्या बाबतीत या प्रश्नाचे गणित मारिया गोपर्ट यांनी जर्मनीतील गॉटिंगेन येथे आपल्या प्रबंधात मांडले. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. उत्तर होकारार्थी होते, पण त्या काळी ज्ञात असलेल्या कोणत्याही दिव्याच्या प्रकाशात हे घडण्याची शक्यता नगण्य होती. तीस वर्षे ते गणित कागदावरच राहिले. १९६० साली कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला, आणि पुढच्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत दोन प्रकाशकण एकदम शोषले गेल्याचे दिसून आले.

यानंतरची हकीकत बरीचशी एकाच गावात घडते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातले रॉचेस्टर हे भिंगांचे गाव. कोडॅक कंपनी तेथली, बाउश आणि लाँब यांचा चष्म्यांचा व भिंगांचा कारखाना तेथला, आणि प्रकाशशास्त्र शिकविणारी विद्यापीठातील संस्थाही तेथे १९२९ पासून आहे. त्या संस्थेत मायकेल हर्चर यांनी १९६४ साली प्रखर लेसर किरण काचेतून सोडला असता, काचेच्या आत केसाहून बारीक, लांबच लांब अशा जखमेच्या रेघा उमटलेल्या त्यांना आढळल्या. प्रकाश अतिशय तीव्र झाला म्हणजे तो ज्या काचेतून जातो त्या काचेचेच गुणधर्म किंचित बदलतात. किरणाच्या मध्यभागी काच अधिक दाट असल्यासारखी वागते, ती स्वतःच भिंग बनते आणि किरणाला आणखी आवळते. आवळलेला किरण अधिक तीव्र, म्हणून तो पुन्हा अधिक आवळला जातो. शेवट काचेच्या जखमेत होतो.

त्या वेळी ही जखम कोणाला नको होती. लेसर तयार करणाऱ्यांच्या दृष्टीने ते मोठेच संकट होते, कारण प्रकाश वर्धित करण्यासाठी जो काचेचा दांडा वापरावयाचा, तोच त्या प्रकाशाने फुटत असे. स्पंद जितका आखूड करावा तितकी त्याची तीव्रता वाढे आणि यंत्र स्वतःचेच अवयव जाळून घेई. सुमारे वीस वर्षे ही कोंडी फुटली नाही. १९८५ साली त्याच रॉचेस्टरमध्ये जेरार्ड मूरू हे फ्रेंच शास्त्रज्ञ आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी कॅनडाची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी ती फोडली. त्यांनी लेसरचा आखूड स्पंद प्रथम १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून पाठविला. तंतूत तांबड्या बाजूचा प्रकाश पुढे आणि निळ्या बाजूचा मागे असा स्पंद ताणला गेला, लांबला आणि त्यामुळे सौम्य झाला. सौम्य झाल्यावर त्याला बिनधोक वाढविता आले. मग जालकांच्या जोडीवरून नेऊन मागे पडलेल्या प्रकाशाला पुढच्याची गाठ घालून दिली, आणि स्पंद पुन्हा आवळला. आवळण्याचे काम शेवटी, जेथे फुटण्यासारखी काचच नाही अशा ठिकाणी होत असल्याने यंत्राला धोका राहिला नाही. हा निबंध तीनच पानांच्या आसपासचा आहे. त्याबद्दल दोघांना २०१८ साली नोबेल पारितोषिकातील वाटा मिळाला. पदार्थविज्ञानाचे ते पारितोषिक मिळविणाऱ्या स्ट्रिकलंड या तिसऱ्या स्त्री. दुसऱ्या मारिया गोपर्ट-मेयर, १९६३ सालच्या, आणि त्यांचा तो जुना प्रबंध स्ट्रिकलंड यांनी आपल्या प्रबंधात आधारासाठी उल्लेखिला होता. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील महाशक्तिशाली लेसरही स्पंद ताणून, वाढवून, आवळण्याच्या याच पद्धतीवर चालतात.

काचेला जखम होऊ नये म्हणून शोधलेल्या या उपायानेच काचेला हवी तशी जखम करण्याचे साधन हाती आले. मूरू पुढे मिशिगन विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध सिलिकेवर लहानमोठ्या मुदतीचे स्पंद सोडून पाहिले आणि १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लांब स्पंद, म्हणजे काही नॅनोसेकंदांचे, काचेला फोडतात खरे. पण कोठे आणि केव्हा फोडतील याचा नेम नसतो. काचेत अशुद्धतेमुळे एखादा मोकळा इलेक्ट्रॉन आधीच असावा लागतो. तो लेसरच्या जोराने धावून इतरांना धक्के देतो, आणि हिमलोटासारखी त्यांची संख्या वाढते. मोकळा इलेक्ट्रॉन नेमका कोठे सापडेल हे दैवावर. आखूड स्पंदात तीव्रता इतकी असते, की आठ-आठ कण एकदम खांदा लावून पहिले इलेक्ट्रॉन स्वतःच मोकळे करतात. दैवाचा भाग संपतो. ठराविक तीव्रतेच्या खाली काहीही होत नाही आणि वर नक्की होते.

ही मर्यादारेषा किती तीक्ष्ण आहे, हे साध्या गुणाकाराने कळते. आठ कणांची गाठ पडावयाची असेल, तर प्रकाशाची तीव्रता निम्मी केली असता ती गाठ पडण्याची शक्यता निम्मी न होता दोनशे छपन्नाव्या हिश्श्यावर येते. म्हणून किरण भिंगाने काचेच्या मध्यावर एकवटला, की ज्या बिंदूशी तो सर्वांत अरुंद आहे तेथेच काम होते. त्याच्या थोडे वर आणि थोडे खाली तोच प्रकाश निरुपद्रवी असतो. पृष्ठभागातून तो खिडकीतल्या उन्हासारखा निघून आलेला असतो.

दुसरा लाभ उष्णतेच्या बाबतीतला, आणि तो बहुधा अधिक मोलाचा. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते, हे जुन्या घरांतून सर्वांनी पाहिलेले आहे. काचेला एका जागी ऊन आणि शेजारी थंड ठेवले की तिला तडा जातो. लांब स्पंद चालू असतानाच इलेक्ट्रॉनांची उष्णता शेजारच्या अणूंत पसरू लागते, भोवतालची काच तापते आणि भेगा पडतात. इलेक्ट्रॉनांकडून अणूंकडे उष्णता जाण्यास काही पिकोसेकंद लागतात. स्पंद त्याहून आखूड असला तर उष्णता पसरण्यास निघण्यापूर्वीच प्रकाश आपले काम आटोपून गेलेला असतो. दुकानातला गणपती लांब, नॅनोसेकंदांच्या स्पंदांनी कोरलेला असतो. त्याचा प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे एक लहानशी फुटलेली जागा, बारकाईने पाहिल्यास टोके असलेल्या चांदणीसारखी. मूर्तीसाठी ते चालते, उलट शोभते. टेलिफोनच्या कडेला चालत नाही.

हे काळ किती लहान आहेत, हे सांगावयास नेहमीचे शब्द अपुरे पडतात. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. एका सेकंदाच्या मानाने तो जेवढा, तेवढाच एक सेकंद सुमारे ३ कोटी १७ लक्ष वर्षांच्या मानाने असतो. सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावणारा प्रकाश ३०० फेम्टोसेकंदांत ०.०९ मिलिमीटर जातो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतका. ऊर्जेचे प्रमाणही असेच चमत्कारिक. काच छेदणाऱ्या एका स्पंदात दहा मायक्रोज्यूल ऊर्जा असली, तर ती एक मिलिग्रॅम वजन एक मीटर उंच उचलण्यास लागणाऱ्या ऊर्जेएवढी आहे. माशीलाही त्याचे काही वाटू नये. पण ती ३०० फेम्टोसेकंदांत खर्च झाली तर त्या अवधीपुरती तिची शक्ती ३ कोटी वॉटांहून अधिक भरते. एवढी शक्ती काही मायक्रोमीटरांच्या जागेत एकवटली म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख कोटी वॉट ही तीव्रता सहज गाठली जाते, आणि सिलिकेसारखा हट्टी पदार्थही तेथे हार खातो. येथे बळापेक्षा घाई कामाला येते.

एवढ्याने बिंदू मिळाला. काच कापण्यास मात्र वरपासून खालपर्यंत रेघ हवी. बिंदूवर बिंदू रचून रेघ करता येते, पण त्यात कारखान्याचा वेळ फुकट जातो. उपाय पुन्हा रॉचेस्टरचाच निघाला, आणि तो लेसरहूनही जुना. कोडॅकमधील जॉन मॅक्‌लाउड यांनी १९५४ साली गोलाईऐवजी शंकूचा आकार असलेले एक भिंग वर्णिले होते. नेहमीचे भिंग सर्व किरणांना एका बिंदूवर आणते. शंकूचे भिंग त्यांना चारी बाजूंनी सारख्याच कोनात मध्यरेषेकडे वळविते. त्यामुळे शंकूच्या टोकाजवळचे किरण मध्यरेषेवर लवकर भेटतात, कडेचे उशिरा, आणि बिंदूऐवजी प्रकाशाची एक सुई तयार होते. अशा शलाकेचे गणित आणि प्रयोग त्याच गावच्या विद्यापीठात डर्निन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडले. या सुईची जाडी एकदोन मायक्रोमीटर आणि लांबी मिलिमीटरभर ठेवता येते. अतिलघू स्पंद अशा सुईच्या रूपाने काचेतून गेला, की एकाच फटक्यात वरच्या पृष्ठापासून खालच्या पृष्ठापर्यंत एक अतिसूक्ष्म वेज पडते.

आता टपालाच्या तिकिटांचा तक्ता आठवावा. तिकिटांच्या मधून छिद्रांची ओळ असते आणि बोटांच्या हलक्या ओढीने तिकीट वेगळे होते. काचेच्या बाबतीत तेच. यंत्र काच सरकवीत जाते आणि दर पाच मायक्रोमीटरांवर एक सुई टोचते. मीटरभर रेघेत दोन लक्ष टोचे येतात. सेकंदाला एक लक्ष स्पंद सोडणारा लेसर असला तर मीटरभर रेघ दोन सेकंदांत होते. भुसा नाही, पाणी नाही, काचेचा कणही वाया जात नाही. रेघ सरळच असली पाहिजे असेही नाही. गोल कोपरे आणि वळणे चाकाला जड जातात, प्रकाशाला ती सारखीच. सोऱ्यात मजबूत केलेली काच असेल तर तिच्या आतला ताणच उरलेले काम करतो, आणि थोड्याच वेळात तुकडा आपोआप सुटा होतो. ज्या ताणामुळे चाकाला तिच्याजवळ फिरकता येत नव्हते, तोच येथे मदतीला येतो.

साध्या काचेला मात्र थोडी ओढ द्यावी लागते. ती वाकवून देता येते, किंवा दुसऱ्या एका लेसरने. कर्बद्विप्राणिद वायूच्या लेसरचा किरण काच जराही आत जाऊ देत नाही. तो पृष्ठालाच शोषला जातो. टोचलेल्या रेघेवरून तो फिरविला की काच तेथे तापते, प्रसरण पावते, आणि पाठोपाठ थंड होताना ओढली जाऊन छिद्रांच्या ओळीवर उलगडते. हा वायूचा लेसर १९६४ साली बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवी, पण ती फारशी ठाऊक नाही. एकाच यंत्रात अशा रीतीने दोन उलट स्वभावांचे लेसर कामाला लागतात: एक काचेला न दिसणारा, दुसरा काचेला ओलांडता न येणारा.

सर्वांत अवघड काम काचेच्या मधोमध भोक पाडण्याचे. टेलिफोनच्या काचेत कॅमेऱ्यासाठी गोल जागा हवी असते. कडेपासून कडेपर्यंतची रेघ उघडली की दोन्ही भाग बाजूला सरतात. बंद वर्तुळ मात्र टोचून पूर्ण झाले तरी आतली चकती बाहेर पडण्यास वाव नसतो. छिद्रांची ओळ तयार असूनही ती बाटलीच्या बुचासारखी अडकून बसते. मग तिला वायूच्या लेसरने तापवून वितळू द्यावे लागते, किंवा काच खोदणाऱ्या रसायनात बुडवून छिद्रे रुंद करावी लागतात. या पद्धतीची कड चाकाच्या कडेपेक्षा बळकट असते हे खरे, तथापि ती निर्दोष नसते. ग्रिफिथ यांचा नियम प्रकाशालाही सोडीत नाही. टोच्यांमधील अंतर चुकले, स्पंदाची ऊर्जा थोडी अधिक झाली, तर प्रत्येक छिद्राभोवती स्वतःच्या भेगा निघतात आणि चाक बरे होते असे म्हणण्याची पाळी येते. म्हणून जेथे काच वाकावयाची असते, तेथे लेसरने कापूनही कड पुन्हा रसायनाने साफ करतात. २०२० साली बाजारात आलेल्या घडीच्या टेलिफोनांत ३० मायक्रोमीटर जाडीची काच वापरली गेली. ती दिवसातून अनेकदा दुमडावयाची म्हटल्यावर कडेवरची एक भेगही परवडणारी नव्हती.

तसबिरीवाल्याच्या चाकाला यामुळे धोका आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याचे हत्यार स्वस्त आहे, आणि सरळ रेघेसाठी त्याहून चांगले काही नाही. फेम्टोसेकंद लेसर हे महागडे, नाजूक यंत्र आहे आणि जेथे एकेका कडेचे मोल आहे तेथेच ते परवडते. प्रकाश देणारे निळे कण नीलमाच्या चकतीवर वाढवितात. नीलम काचेहून कितीतरी कठीण, त्याच्या एका चकतीतून हजारो कण सुटे करावयाचे असतात, आणि तेथे लेसर काळाआधी पोहोचला. हिरा हा काच कापणारा जुना पदार्थ. आज सुरतेच्या कारखान्यांत हिरेच लेसरने कापले जातात, जरी तेथे सामान्यतः लांब स्पंद वापरतात आणि काम पृष्ठावर हिऱ्याचे काजळ करून सुरू होते.

कापण्याइतकी तीव्रता न वापरता, केवळ काचेची घनता किंचित बदलेल एवढाच प्रकाश दिला, तर कापण्याऐवजी लिहिता येते. १९९६ साली जपानमधील हिराओ यांच्या गटाने काचेच्या आत प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटा अशा रीतीने आखून दाखविल्या. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१९ साली पंच्याहत्तर मिलिमीटर लांबरुंद आणि दोन मिलिमीटर जाडीच्या काचेत १९७८ सालचा 'सुपरमॅन' हा संपूर्ण चित्रपट ठिपक्यांच्या थरांत लिहून ठेवला. त्या काचेवर पाणी ओतले, ती उकळली, घासली तरी ठिपके जागचे हलत नाहीत, कारण ते पृष्ठावर नाहीतच.

मनुष्याच्या शरीरातही काचेसारखा पारदर्शक असा एक पदार्थ आहे: डोळ्याच्या पुढील बाजूस, बुबुळावर बसविलेला सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा स्वच्छमंडल. त्याचा संबंध एका अपघाताने आला. मिशिगनच्या प्रयोगशाळेत १९९३ च्या सुमारास एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात फेम्टोसेकंद लेसरचा किरण चुकून गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना दृष्टिपटलावरची जखम पाहून नवल वाटले, कारण इतकी गोल आणि स्वच्छ कडेची जखम त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. लेसर कोणता, याची चौकशी झाली, आणि डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ एकत्र कामाला लागले. तोपर्यंत चष्म्याचा नंबर घालविण्याच्या शस्त्रक्रियेत स्वच्छमंडलाचा पातळ पापुद्रा धारदार पात्याने सोलावा लागे, आणि पाते अडले किंवा घसरले तर रुग्णाच्या दृष्टीवर बेतत असे. या शतकाच्या आरंभापासून पात्याचे काम अतिलघू स्पंद करू लागले. रुग्ण जागा असतो. डोळ्यात बधिर करणारे थेंब घातलेले असतात आणि एक कडी डोळा हलू देत नाही. पृष्ठापासून सुमारे एक दशांश मिलिमीटर खोलीवर लेसर टोच्यांची एक सपाट चादर घालतो. प्रत्येक टोचा म्हणजे वायूचा एक सूक्ष्म बुडबुडा. बुडबुडे एकमेकांना मिळतात आणि पापुद्रा सुटतो. डॉक्टर तो बोथट उपकरणाने पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, दुसऱ्या लेसरने खालचा भाग घडवितात आणि पान परत मिटवितात. टाका घालावा लागत नाही. त्यानंतर निघालेल्या पद्धतीत पापुद्राही उलटत नाहीत. स्वच्छमंडलाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक पातळ चकती चहू बाजूंनी टोचून मोकळी करतात, आणि ती दोन ते चार मिलिमीटरांच्या चिरेतून चिमट्याने बाहेर काढतात.